मोसंबीच्या सालीपासून जखमेच्या पट्टीपर्यंत : वर्गात करून पाहण्यासारखा एक पाठ



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दरवर्षी दोन-तीन प्रकल्प हमखास समोर येतात. केळीच्या सालीपासून प्लास्टिक, बटाट्यापासून पिशवी, आणि हल्ली त्यात एकाची भर पडली आहे : फळांच्या सालीपासून जखमेवर लावायची पट्टी. विषय खरोखर चांगला आहे. त्यात जीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, पर्यावरण आहे आणि रोजच्या स्वयंपाकघरातलं साहित्य आहे. पण याच विषयात माझी एकदा मोठी चूक झाली होती. ती आधी सांगते, म्हणजे पुढचा पाठ मी असा का मांडला आहे ते लक्षात येईल.

एक चुकलेला तास

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मी मोसंबीच्या सालीपासून पातळ, पारदर्शक पापुद्रा करून दाखवला. फळ्यावर शीर्षक लिहिलं : ‘जखमेवरची पट्टी तयार करणे’. मुलं खूश झाली. प्रत्येकाला पट्टीचा एकेक तुकडा मिळाला. चार दिवसांनी एका मुलाची आई शाळेत आली. मुलगा मैदानावर पडून गुडघा खरचटला होता. घरी न सांगता त्याने तो तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि वरून चिकटपट्टी लावली. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, पू झाला, शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. आई रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगितलं ना, ही जखमेची पट्टी आहे म्हणून.”

मुलाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. बाईंनी शिकवलेलं त्याने वापरून पाहिलं. आपण एरवी म्हणतोच की, शिकलेलं वापरा! चूक माझ्या शीर्षकात होती. मी पापुद्रा तयार केला होता, पट्टी नाही. या दोन्हींमध्ये जे अंतर आहे तोच खरा धडा आहे, आणि तोच मी शिकवला नव्हता. आता हा विषय मी कसा घेते ते पुढे सविस्तर देते.

१. सुरुवात जखमेपासून करा

मुलांना पहिला प्रश्न विचारा : “खरचटल्यावर जखम उघडी ठेवावी की झाकावी?” निम्मा वर्ग म्हणेल, “वारा लागू द्यायचा, खपली धरली की बरी होते.” घरोघरी हेच सांगितलं जातं. मग जखम बरी कशी होते ते क्रमाने सांगा.

पहिली पायरी, रक्त थांबणं. रक्तातल्या बिंबिका गोळा होतात आणि तंतूंची जाळी तयार होऊन रक्त गोठतं. दुसरी पायरी, साफसफाई. पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग काढून टाकतात, म्हणून जागा लाल, गरम आणि थोडी सुजलेली दिसते. तिसरी पायरी, भरणी. कोलॅजेन नावाचं प्रथिन तयार होतं, नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात आणि कडेच्या त्वचेच्या पेशी सरकत सरकत मधली जागा झाकतात. चौथी पायरी, मजबुती. ही कित्येक महिने चालते.

तिसऱ्या पायरीतला ‘सरकत सरकत’ हा शब्द महत्त्वाचा. या पेशींना सरकायला ओलावा लागतो. वर कडक खपली असेल तर त्यांना तिच्या खालून, खोलातून वाट काढावी लागते. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांपैकी काही त्याने उघड्या ठेवल्या, तर काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. आजच्या बहुतेक आधुनिक पट्ट्यांमागे हाच विचार आहे : जखम योग्य तेवढी ओलसर ठेवायची.

इथे एक गोष्ट मुलांना ठासून सांगा. ओलसर म्हणजे घाणेरड्या पाण्याने भिजलेली नव्हे. जखमेतून येणारी स्वतःची लस पुरेशी असते. ती जास्त झाली तर ती शोषूनही घ्यावी लागते.

आता मुलांकडूनच चांगल्या पट्टीची यादी काढून घ्या. थोडे प्रश्न विचारत गेलात तर ती स्वतःच सांगतात :

- जखम कोरडी पडू देऊ नये
- जास्तीची लस शोषून घ्यावी
- वाफ बाहेर जाऊ द्यावी, पण जंतू आत येऊ देऊ नयेत
- जखमेला चिकटू नये, काढताना दुखू नये
- गुडघा वाकला तर तिनेही वाकावं
- शरीराला अपायकारक नसावी
- पूर्णपणे निर्जंतुक असावी

ही यादी फळ्याच्या एका बाजूला तशीच ठेवा. तासाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

२. आपल्या मुंबईतली दोन उदाहरणं

वनस्पतीपासून पट्टी हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी यावर चांगलं काम केलं आहे आणि मुलांना ते सांगितलं पाहिजे.

पहिलं उदाहरण बटाट्याच्या सालीचं. डॉ. केसवानी आणि डॉ. पाटील यांनी १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या वैद्यकीय नियतकालिकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची साल वापरण्याविषयी लिहिलं. बटाट्याच्या सालीचा बाहेरचा थर बुचासारखा असतो. पाणी अडवणं हेच त्याचं काम, म्हणून तर बटाटा आठवडेच्या आठवडे सुकत नाही. तोच गुण जखमेवर उपयोगी पडला. साल जाळीदार कापडाच्या पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून वापरली तर जखम कोरडी पडत नव्हती.

दुसरं उदाहरण केळीच्या पानाचं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि डॉ. अकोलेकर यांनी २००३ मध्ये त्याच नियतकालिकात आपले निष्कर्ष दिले. भाजलेल्या जखमांवर, तसंच त्वचारोपणासाठी जिथून कातडी काढतात त्या जागेवर त्यांनी केळीचं पान वापरून पाहिलं. पान गुळगुळीत आणि मेणचट असतं. आपण त्यावर गरम भात वाढतो तेव्हा तो पानाला चिकटत नाही, तशीच जखमही चिकटली नाही. पट्टी बदलताना होणारी वेदना कमी झाली. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या एका वाक्याचं मोल कळेल.

पण लक्षात घ्या, हे पान परसातून तोडून थेट जखमेवर ठेवलेलं नव्हतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेलं होतं. काम रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं आणि दुसऱ्या पट्टीशी तुलना करून नोंदी ठेवल्या गेल्या. पान स्वस्त होतं, पण त्यामागची काळजी स्वस्तातली नव्हती.

परदेशातलं एक उदाहरणही देता येईल. सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात प्रा. विल्यम चेन यांच्या गटाने २०२१ मध्ये ड्युरियन या फळाच्या टरफलापासून मऊ जेलची पट्टी तयार केल्याचं जाहीर केलं. ड्युरियन दिसायला आपल्या फणसाच्या लांबच्या भावासारखं. त्याचाही निम्म्याहून जास्त भाग टाकाऊ असतो. टरफलातलं सेल्युलोज काढून, त्यात ग्लिसरीन मिसळून ही पट्टी केली, आणि जंतूंना रोखण्यासाठी यीस्टपासून मिळवलेली नैसर्गिक द्रव्यं त्यात घातली.

३. सालीत असं असतं काय?

वनस्पतीच्या पेशीला भिंत असते हे मुलं शिकलेली असतात. त्या भिंतीत सेल्युलोजचे धागे म्हणजे विटा मानल्या, तर त्यांना धरून ठेवणारा चुना म्हणजे पेक्टिन. १८२५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो याने त्याला हे नाव दिलं. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं त्याचा अर्थ गोठवणारं, घट्ट करणारं. घरी पेरूची जेली केली असेल तर पेक्टिनचं काम तुम्ही पाहिलेलंच आहे.

संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात पेक्टिन भरपूर असतं. वाळवलेल्या सालीच्या वजनात साधारण २० ते ३० टक्के. कारखान्यांमध्ये पेक्टिन मुख्यतः याच सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात. नागपूरची संत्री आणि जालन्याची मोसंबी असलेल्या आपल्या राज्यात हा कच्चा माल रसवंतीच्या मागच्या बादलीत पडलेला असतो. आणि पेक्टिन जखमेला अनोळखी नाही. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही हायड्रोकोलॉइड पट्ट्यांमध्ये ते वापरलेलं असतं. लस शोषून ते मऊ जेल बनतं.

आता पापुद्रा बनतो कसा? इथे स्वयंपाकघर मदतीला येतं. कोकणातली आंबापोळी आठवा. रस ताटात पातळ पसरायचा, वाळवायचा आणि अलगद सोडवायचा. किंवा पळीपापड घ्या. शिजवलेलं पीठ पळीने प्लास्टिकवर ओतायचं आणि उन्हात ठेवायचं. प्रयोगशाळेतली पद्धतही हीच. लांब साखळ्यांचे रेणू पाण्यात मोकळे करायचे, पातळ थर ओतायचा आणि पाणी उडून जाऊ द्यायचं. पाणी गेलं की साखळ्या एकमेकींना धरून बसतात.

मग आंबापोळी वाकते आणि पळीपापड मोडतो, असं का? आंबापोळीत साखर आणि थोडा ओलावा राहतो. ते साखळ्यांच्या मध्ये बसतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. पापडात मधे कोणी नाही, म्हणून तो कडक होतो. पट्टीच्या पापुद्र्यात हे मधे बसायचं काम ग्लिसरीन करतं.

४. वर्गातली कृती

कृतीचं नाव फळ्यावर असं लिहा : ‘सालीपासून पापुद्रा तयार करणे आणि तो पट्टीच्या कसोटीवर तपासणे’. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात : ‘हा पापुद्रा जखमेवर लावायचा नाही.’

साहित्य : ४ मोसंबीच्या साली, २ चमचे लिंबाचा रस, अर्धा लिटर पाणी, कॉर्नफ्लोअर, ग्लिसरीन, मलमलचं कापड, सपाट ताटल्या, प्लास्टिकचा जाड कागद, शेगडी. उकळण्याचं काम शिक्षकांनीच करावं.

कृती :

१. सालीचा पिवळा भाग किसून काढून टाका. त्यात तेल आणि कडवटपणा असतो. आतला पांढरा भाग बारीक चिरा.

२. चिरलेला भाग पाण्यात घालून लिंबाचा रस टाका आणि मंद आचेवर पाऊण तास उकळा. पाणी फारच आटलं तर थोडं गरम पाणी घाला. आंबटपणामुळे भिंतीतलं पेक्टिन सुटून पाण्यात येतं.

३. कोमट झाल्यावर कापडातून गाळा. चिकटसर पाणी मिळेल.

४. पेक्टिन आहे का ते तपासा. थंड झालेलं एक चमचा पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घाला. थोड्या वेळाने जेलीसारखी गुठळी किंवा तंतू दिसले तर पेक्टिन आहे. स्पिरिट पेट घेतं, म्हणून शेगडी पूर्ण बंद करून, दूर बाजूला, फक्त शिक्षकांनी हे करावं आणि नंतर ते फेकून द्यावं.

५. गाळलेल्या पाण्याचे १००-१०० मिलिलिटरचे तीन भाग करा. पाणी कमी भरलं तर तिन्ही भागांत साधं पाणी सारखंच घाला. प्रत्येकात २ सपाट चमचे कॉर्नफ्लोअर गार असतानाच कालवा. पहिल्या भागात ग्लिसरीन अजिबात नको, दुसऱ्यात पाव चमचा, तिसऱ्यात एक चमचा.

६. प्रत्येक भाग ढवळत शिजवा. कुरडईचा चीक शिजल्यावर जसा पारदर्शक आणि घट्ट होतो, तसं दिसलं की उतरवा.

७. ताटलीत प्लास्टिकचा कागद अंथरून पातळ थर ओता. बुडबुडे राहू देऊ नका. जाळीखाली, सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या.

कॉर्नफ्लोअर का घालायचं, असं मुलं विचारतील. घरगुती पद्धतीने निघालेलं पेक्टिन कमी असतं आणि नुसत्या त्याचा पापुद्रा फार नाजूक होतो. पिठाने त्याला अंग येतं. हे सरळ सांगा, लपवू नका.

५. चार तपासण्या

*वाकवून पाहणे.* तिन्ही पापुद्रे पेन्सिलीभोवती गुंडाळा. ग्लिसरीन नसलेला तडकेल, पाव चमचावाला बहुधा वाकेल, एक चमचावाला मऊ पण चिकट लागेल. ‘जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं’ हे खरं नसतं, हे इथे मुलांना हाताला कळतं.

*पाणी शोषणे.* ४ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मिळाला तर उत्तम. कोरडं वजन घ्या, पाण्यात ५ मिनिटं ठेवा, टिपकागदाने वरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन करा. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करून कोरड्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. समजा कोरडं वजन ०.४ ग्रॅम आणि ओलं १.६ ग्रॅम आलं, तर तुकड्याने स्वतःच्या ३०० टक्के पाणी घेतलं. टक्केवारीचा तास वेगळा घ्यायची गरजच नाही! काही तुकडे पाण्यात विरघळून तुटतील. तीही नोंद लिहा. लस आल्यावर जी पट्टी विरघळून जाते ती जखम काय झाकणार? म्हणून प्रयोगशाळेत साखळ्यांना एकमेकींशी बांधावं लागतं. विशिष्ट प्रकारच्या पेक्टिनमध्ये हे काम कॅल्शियम करतं. दोन साखळ्यांच्या मध्ये बसून ते त्यांना शर्टाच्या बटणासारखं जोडतं.

*वाफ जाऊ देणे.* तीन सारखे पेले अर्धे पाण्याने भरा. एक उघडा, एकावर प्लास्टिक, एकावर आपला पापुद्रा, रबराने घट्ट बांधलेला. पापुद्र्याला पाणी लागू देऊ नका. चार दिवस रोज वजन करा. उघड्यातलं पाणी सर्वात जास्त उडतं, प्लास्टिकखालचं जवळजवळ नाही, आणि पापुद्र्याखालचं मधलं कुठेतरी येतं. कातडी श्वास घेते असं आपण बोलण्यात म्हणतो. त्यातला वाफेचा भाग हा असा मोजता येतो.

*मातीत कुजणे.* ओलसर मातीच्या कुंडीत पापुद्रा, सुती जाळीचं कापड आणि प्लास्टिकचा तुकडा सारख्या खोलीवर पुरा. दर तीन दिवसांनी उकरून फोटो काढा. पापुद्रा आधी मऊ होतो, मग तुटतो. प्लास्टिक होतं तसंच राहतं.

६. पाचवी तपासणी, जी मला आधी सुचली नाही

पापुद्र्याचा एक तुकडा पाण्याने ओला करून झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा. झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. उघडायचं नाही, हुंगायचं नाही. बाहेरूनच रोज पाहायचं. काही दिवसांत त्यावर काळे-पांढरे ठिपके दिसू लागतील. बुरशी!

आता विचारा : “जो पापुद्रा मातीतले सूक्ष्मजीव आवडीने खातात, तो आपल्या डबीतल्या सूक्ष्मजीवांना का आवडणार नाही? आणि जखमेवरच्या?”

वर्ग शांत होतो. विघटनशील असणं हा गुण आहे, पण त्याचा अर्थच हा की ते कोणाचं तरी अन्न आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या गुडघ्यावर मी नकळत तेच दिलं होतं : ओलावा, ऊब आणि जंतूंना खाऊ. ही डबी मी त्या वर्षी दाखवली असती तर त्याने तो तुकडा गुडघ्यावर ठेवला नसता असं मला वाटतं. नुसतं ‘लावू नका’ म्हटलेलं मुलं विसरतात, पण ठिपके पाहिलेली विसरत नाहीत.

कृपया उत्साहाच्या भरात शाळेत जंतू वाढवायचे प्रयोग करू नका. ते काम योग्य प्रयोगशाळेचं आहे.

७. पापुद्रा आणि पट्टी यांच्यामध्ये काय काय असतं

आता फळ्यावरच्या यादीकडे परत या. कोणती कसोटी आपण तपासली आणि कोणती नाही, यावर मुलांना खुणा करायला सांगा. ‘अपायकारक नसावी’ आणि ‘निर्जंतुक असावी’ या दोन ओळी कोऱ्या राहतात. खरं काम तिथेच सुरू होतं.

सालीवर फवारलेल्या औषधांचे अंश असू शकतात. ते काढून पेक्टिन शुद्ध करावं लागतं. हंगाम बदलला, फळाची जात बदलली की साल बदलते, आणि पट्टी मात्र दर वेळी सारखीच हवी. निर्जंतुक करणं तर फारच अवघड. उष्णता आणि वाफेने पापुद्रा बिघडतो आणि गॅमा किरणांनी साखळ्या काही प्रमाणात तुटतात. म्हणजे जंतू मारताना पट्टीच मरणार नाही हे पाहावं लागतं. त्यानंतर पेशींवर चाचणी, मग नीतिविषयक समितीच्या परवानगीने प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर. आपल्या देशात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. बाजारात येणाऱ्या पट्टीला त्या चाळणीतून जावं लागतं. यात वर्षं जातात. ‘साल फुकट आहे, मग पट्टी महाग का?’ या प्रश्नाचं उत्तर या परिच्छेदात आहे.

८. ‘हळद तर आपण लावतोच की!’

हा प्रश्न नक्की येणार, आणि तो पालकांकडूनही येतो. त्याला हसून बाजूला सारू नका.

१९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. हे ज्ञान भारतात आधीपासून आहे याचे लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे, मुलांना जरूर सांगा.

पण त्याचबरोबर हेही सांगा. परंपरेत एखादं ज्ञान होतं हे सिद्ध होणं वेगळं, आणि आपल्या डब्यातली, ओला चमचा बुडवलेली हळद उघड्या जखमेवर सुरक्षित असणं वेगळं. हळदीतलं कर्क्युमिन पट्टीत घालण्यावर संशोधन चालू आहे, पण तिथे ते शुद्ध केलेलं आणि मोजून घातलेलं असतं.

घरासाठी साधा नियम एवढाच. खरचटलं तर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि दुकानातली निर्जंतुक पट्टी लावा. भाजलं तर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काही नको. जखम खोल असेल, घाण गेली असेल, किंवा भाजलेली जागा मोठी असेल तर थेट डॉक्टरांकडे, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल तिथेच विचारा.

९. पर्यावरणाचा हिशेब नीट मांडा

प्रकल्पाच्या तक्त्यावर मुलं लिहितात : ‘वापरलेली पट्टी मातीत पुरा, खत होईल.’ हे वाक्य खोडायला लावा. रुग्णालयात रक्त-पू लागलेली पट्टी कशाचीही बनलेली असो, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते आणि सहसा भट्टीत जाळली जाते. घरीही ती कागदात गुंडाळून वेगळी द्यायची असते, कुंडीत टाकायची नसते.

मग विघटनशील असण्याचा उपयोग काय? उपयोग आहे. खनिज तेलापासून बनणारा माल कमी लागतो. वाया जाणाऱ्या सालीला किंमत येते. जखमेत एखादा कण राहिला तर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहण्याची शक्यता कमी होते. पण साल दोन दिवसांत सडते, ती लगेच वाळवावी लागते, त्याला इंधन लागतं, आणि पेक्टिन काढायला आम्ल, अल्कोहोल आणि भरपूर पाणी लागतं. जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्या तरच तो हिशेब.

१०. तासाच्या शेवटी विचारायचे प्रश्न

- केळीचं पान आणि आपला पापुद्रा यांत कोणता गुण सारखा आहे? कोणता वेगळा?
- ग्लिसरीन दुप्पट केलं तर पापुद्रा दुप्पट चांगला होईल का? तुमच्या नोंदीवरून सांगा.
- एखाद्या जाहिरातीत ‘१०० टक्के नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’ असं लिहिलं असेल, तर तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?
- आपल्या गावात कोणता वनस्पतीजन्य कचरा सर्वात जास्त निघतो? त्यात पेक्टिन, पिष्ट की सेल्युलोज, काय जास्त असेल?

शेवटचा प्रश्न गृहपाठ म्हणून द्या. जळगावकडच्या मुलांना केळीचे खांब आठवतील. घड एकदा काढला की तो खांब पुन्हा फळ देत नाही, तो तोडावाच लागतो. कोकणातली मुलं फणसाची चारखंडं सांगतील.

आणि प्रदर्शनाच्या तयारीला लागलेल्या पालकांना एक विनंती. परीक्षकांसमोर मुलाने “माझी पट्टी जखम बरी करते” असं म्हणण्यापेक्षा “माझा पापुद्रा वाकतो, पाणी धरतो, वाफ जाऊ देतो, पण तो निर्जंतुक नाही म्हणून तो अजून पट्टी नाही” असं म्हटलं, तर त्याला विज्ञान कळलं असं खुशाल समजा. बक्षीस मिळो न मिळो.

तो गुडघा खरचटलेला मुलगा पुढच्या वर्षी स्वतःहून आला आणि बुरशीच्या डबीची जबाबदारी मागून घेतली. रोज मधल्या सुट्टीत ठिपके मोजून वहीत लिहायचा. वहीच्या पहिल्या पानावर त्याने शीर्षक लिहिलं होतं : ‘पट्टी का नाही झाली?’ माझ्या फळ्यावरच्या पहिल्या शीर्षकापेक्षा ते कितीतरी बरं होतं.